राजगडाच्या फलकावर समुद्रही लिहा

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आहे याचा आनंद भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येकाला झाला. त्याबद्दल आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे मनापासून अभिनंदन. ही यादी सावकाश वाचली की राजगडाच्या पंगतीला कोण कोण बसले आहे ते दिसते. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. बारांपैकी चार किल्ल्यांना भरती-ओहोटीचे पाणी लागते. मुरुंबदेवाच्या डोंगरावर रचलेला राजगड आणि थळसमोरच्या समुद्रातले खांदेरीचे बेट एका यादीत कसे, हा प्रश्न गुंजवण्यातून धापा टाकत चोर दरवाजा गाठणाऱ्या माणसाला पडत नाही. तो पडावा असे आपण त्याला फारसे काही सांगतच नाही. तोरण्यावर सापडलेले धन, त्यातून उभा राहिलेला राजगड, तीन माच्या, बालेकिल्ला, नेढे, इथे गोष्ट संपते.

आता वारशाच्या निमित्ताने नवे फलक लागतील, पायथ्याला माहिती केंद्राची चर्चा होईल, मजकूर लिहिण्याचे काम कुणाकडे तरी सोपवले जाईल. तो मजकूर ठरण्याआधीच हे पत्र लिहितो आहे. त्यात समुद्र यावा, आणि समुद्रावरून आपल्याकडे बघणाऱ्या परक्यांनी आपल्याविषयी काय खबर गोळा केली तीही यावी, एवढेच माझे मागणे आहे. ते का, हे सांगायला जरा जागा लागेल. ती द्यावी.

आधी भूगोल. राजगडाच्या पश्चिमेला तोरणा, त्यापलीकडे केळद, आणि केळदहून मढे घाट, उपांड्या घाट खाली कोकणात उतरतात. भोरहून वरंध घाट महाडला जातो. महाड सावित्रीवर आहे. एके काळी गलबते बाणकोटच्या मुखातून सावित्रीत शिरून महाडपर्यंत येत. म्हणजे भोरच्या बाजारातून निघालेला बैल आणि बाणकोटच्या खाडीतून निघालेले गलबत महाडात एकमेकांना भेटत. नकाशावर राजगड डोंगरातला दिसतो, व्यवहारात त्याचा एक दरवाजा समुद्राकडे उघडत होता. पुढे भोर संस्थानाचे पाच तालुके झाले, त्यांत राजगड, प्रचंडगड, विचित्रगड आणि पवनमावळ हे घाटावरचे आणि सुधागड हा घाटाखालचा. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत संस्थानिक पंतसचिवांचा कारभार सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना चालू होता. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला तेव्हा ते नवे वाटले, पण तालुका म्हणून ते नाव इथल्या जुन्या दप्तरांना ओळखीचेच होते.

आता १६५९ सालाकडे येऊ. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि राज्याला पहिल्यांदा मोठी खाडी लाभली. गादी तेव्हा राजगडावर होती. खाडी हाती येताच गलबते बांधायचे काम सुरू झाले. त्यासाठी वसईकडचा रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची शेकडो माणसे कामाला लावली. गलबते जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत असे महाराजांकडून सांगितले जात होते. पोर्तुगिजांचा त्यावर विश्वास बसला नाही. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याच्या सरकारने लिस्बनला कळवले की, शहाजीच्या एका मुलाने वसई आणि चौलच्या लगतचा मुलूख घेतला आहे, कल्याण, भिवंडी आणि पनवेलला तो लढाऊ गलबते बांधतो आहे, आणि ही गलबते बंदराबाहेर पडू द्यायची नाहीत असा हुकूम आपल्या कप्तानाला दिला आहे. पाठोपाठ वसईच्या अधिकाऱ्यांनी व्हिएगसला गाठून समजावले आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला.

ही छोटी हकिकत मला फार मोलाची वाटते. आरमार अजून पाण्यात उतरायचे होते. युद्ध सुरू झालेले नव्हते. तरी परक्या सत्तेला गलबते कुठे आणि कुणाच्या हातून बांधली जात आहेत हे ठाऊक होते, त्यांचा पुढे काय उपयोग होऊ शकतो याचा तर्क तिने बांधला होता, आणि एकही गोळी न झाडता कारागीर पळवून तिने पहिला घाव घातलाही होता. पण कारागीर गेले म्हणून काम थांबले नाही. त्यांच्या जागी इथलीच माणसे आली आणि मराठ्यांचे आरमार भंडारी, कोळी आणि इतर दर्यावर्दी जातींच्या जोरावर उभे राहिले. पोर्तुगिजांची खबर खरी होती, तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष खोटा ठरला. लष्करी हेरगिरीच्या इतिहासात ही जोडी वारंवार दिसते.

ज्या पावसाळ्यात हे पत्र लिस्बनला रवाना झाले त्याच पावसाळ्यात अफजलखान वाईत तळ देऊन बसला होता. वाई इथून डोंगरापलीकडेच. आदिलशहाने मावळातल्या देशमुखांना फर्माने धाडली होती. १६ जून १६५९ चे असे एक फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना आले. शिवाजीला सामील व्हाल तर परिणाम वाईट होतील, खानाच्या हुकमात वागा, असा त्याचा आशय. कारी आमच्या भोर तालुक्यात, रोहिड खोऱ्यात. कान्होजींनी ते फर्मान घेतले आणि थेट महाराजांपुढे ठेवले. त्याच खोऱ्यातले उत्रवळीचे खोपडे मात्र खानाकडे गेले. शत्रूचा शिक्क्यासह हुकूम आपल्या हातात येणे याहून पक्की खबर कोणती? खबरगिरी म्हटले की आपल्याला बहिर्जी नाईकांची वेषांतरे आठवतात. सिनेमे आणि कादंबऱ्यांनी ती इतकी रंगवली की, खबर हे मुख्यतः निष्ठेचे आणि कागदाचे काम होते हे मागे पडले. सभासदाने बहिर्जी जासुदाचा उल्लेख केला तोही सुरतेच्या पैशाची माहिती आणण्यासंदर्भात, दाढीमिशा चिकटवण्यासंदर्भात नव्हे.

सुरतेचा उल्लेख आलाच आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर गेले तेव्हा इंग्रजांची वखार तिथे होती आणि जॉर्ज ऑक्झेंडन तिचा प्रमुख होता. त्याने किनाऱ्यावरच्या जहाजांतून खलाशी बोलावून वखार राखली. नंतर ही वखार ज्या पत्रांतून आपल्या मालकांना हाल कळवते ती वाचताना हसू येते. त्याच सुमाराला ती लिहिते की, लोकांच्या बोलण्यात या माणसाचे शरीर हवेचे झाले आहे आणि त्याला पंख फुटले आहेत, नाहीतर तो एकाच वेळी इतक्या ठिकाणी कसा असेल. हिशेबी व्यापाऱ्यांनी बाजारगप्पा म्हणून का होईना, असे लिहावे, यातच राजगडाची खरी तटबंदी दिसते. महाराज कुठे आहेत हे शत्रूला कळत नव्हते, महाराजांना मात्र सुरतेच्या पेढ्या कुठे आहेत ते माहीत होते.

वर्षभरात इंग्रजांच्या खबरेत फरक पडलेला दिसतो. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीला समुद्रमार्गे गेले. कारवारच्या इंग्रज वखारीने या आरमाराचा आकडाच दिला आहे. पंच्याऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे. आकडा इतका नेमका मिळण्याचे कारणही त्या पत्रात आहे. परतीच्या वाटेवर महाराजांनी कारवारकडून खंडणी घेतली आणि त्यात इंग्रजांच्या वाट्याला ११२ पौंड आले. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो समोरच्याची ताकद नीट मोजून ठेवतो. त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १६६४ मध्ये, सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला होता. आणि कारवारचे पत्र लिहिले जात होते त्या सुमारास मिर्झाराजा जयसिंग पुरंदरच्या दिशेने येत होता. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याचा सरदार दाऊदखान याच्या फौजेने राजगड आणि रोहिड्याच्या भोवतालची गावे जाळली. ते हाल याच खोऱ्यातल्या लोकांनी सोसले. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, राजगड आणि तोरणा राहिले, आणि नुकताच पाया घातलेला सिंधुदुर्गही राहिला. राजगडावरच्या माणसाला हे एकत्र सांगितले पाहिजे. एका हाताने डोंगर सोडताना दुसऱ्या हाताने समुद्र धरून ठेवला होता.

इथे थोडे मागे जाऊन राजापूरचे प्रकरण सांगणे टाळता येत नाही. १६६० च्या सुरुवातीला राजापूरच्या इंग्रज वखारीच्या हेन्री रेव्हिंग्टनने महाराजांशी गोडीगुलाबीने पत्रव्यवहार केला. दंडा-राजपुरी घ्यायला इंग्रज जहाजांची मदत होऊ शकेल असा सूरही त्यात होता. काही महिन्यांत तोच गृहस्थ पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवत होता, आणि गोळे डागताना इंग्रजांचे निशाण फडकत होते. १६६१ मध्ये महाराज राजापुरावर आले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह चौघे पकडले गेले. १६६३ च्या सुरुवातीला त्यांची सुटका झाली. व्यापारी, खबऱ्या आणि तोफा विकणारा हे एकाच अंगरख्यात असतात हा धडा तिथे मिळाला, आणि पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी तो धोरण म्हणून लिहून ठेवला. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, द्यायची तर आत, खाडीच्या दूर, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. हे साधारण १७१५ च्या सुमाराचे.

खांदेरीवर मात्र मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण फलकावर सर्वांत जास्त जागा त्याच गोष्टीला मिळावी असे मला वाटते. मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला खांदेरी-उंदेरी ही दोन बेटे आहेत. तिथे तोफा बसल्या तर मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज डोळ्यांखालून जाते. १६७२ मध्ये महाराजांनी तिथे बांधकामाचा प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही. सात वर्षांनी, पावसाळा ओसरत असताना, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचू लागला. मुंबईच्या इंग्रजांना बातमी लगेच लागली. मुंबईचे कौन्सिल काय करत होते ते त्यांच्याच पत्रांतून दिसते. आधी निषेध, मग बेट आमचे आहे असा दावा, मग तीन शिबाडे पाठवून बेटाची रसद तोडायचा हुकूम. सप्टेंबर १६७९ मध्ये लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला. मग कॅप्टन मिंचिनचे ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज, दोन गुराबे, शिबाडे आणि मचवे देऊन कॅप्टन कीग्विनला पाठवले. १८ ऑक्टोबरला पहाटे नागावकडून दौलतखानाचे मराठी आरमार आले आणि लढाई झाली. इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ने आपल्या तोफांच्या बळावर तो दिवस सांभाळला आणि मराठी गलबते मागे हटली.

लढाई कोण जिंकले यावर वाद घालता येईल. पण नंतरच्या आठवड्यांत काय झाले ते निर्विवाद आहे. मराठ्यांची छोटी, वल्ह्यांची, उथळ पाण्यात चालणारी गलबते रात्री किनाऱ्यावरून निघत आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या नाकाखालून बेटावर अन्न, माणसे आणि बांधकामाचे सामान पोहोचवत. वारा पडला की मोठे जहाज जागचे हलत नाही आणि वल्ह्यांचे गलबत निघून जाते. पहारा चालू होता आणि तटही वाढत होता. इंग्रज कप्तानांनी मुंबईला कळवले की ही गलबते आम्हाला अडवता येत नाहीत. सुरतेहून हुकूम आला तो भांडण आवरण्याचा. १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, इंग्रजांनी महाराजांशी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. मुंबईकरांची खबर पक्की होती. बेटावर किती माणसे आहेत, कुठली रसद येते, कोणत्या बंदरात गलबते जमतात, याचा बराचसा अंदाज त्यांना होता. तरी खबरेला शोभतील अशी जहाजे त्यांच्याजवळ नव्हती. नियोजनाची ही बाजू, शत्रूची बातमी आणि आपल्या साधनांची कुवत एकमेकांत बसवण्याची, खांदेरीवर महाराजांच्या बाजूने पुरी बसली.

पण पाऊणशे वर्षांनी फासे उलटे पडले. त्याची गोष्ट बाणकोटवरून जाते, आणि ती महाडच्या, वरंध घाटाच्या आणि म्हणून भोरच्याही समुद्रवाटेची गोष्ट आहे.

१७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्याला नमवायचे ठरवले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता आणि इंग्रज व्यापाराला तर तो काळच वाटे. मार्चमध्ये पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांचा करार झाला. समुद्रावरच्या एकत्रित मोहिमेचा हुकूम इंग्रजांकडे राहणार, आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना मिळणार. अमात्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे करू नका म्हणून सांगितले होते तेच. कमोडोर विल्यम जेम्सने एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सुवर्णदुर्ग घेतला. पेशव्यांचे आरमार बरोबर होते, पण बहुतेक वेळ दूर राहिले.

यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईने जे केले ते वसाहती लष्करी हेरगिरीचा आणि नौदलाच्या नियोजनाचा उत्तम नमुना आहे. अॅडमिरल वॉटसनचे राजेशाही आरमार आणि इंग्लंडहून आलेला रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत होते. क्लाइव्ह खरे तर फ्रेंचांविरुद्ध दख्खनच्या मोहिमेसाठी आला होता. ती मोहीम बारगळली, कारण कर्नाटकात इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता समेट झाला. जहाजे आली आहेत, सैन्य आले आहे, मग विजयदुर्गच का नको? पण विजयदुर्गाचा धाक मोठा होता. मुंबईत समजूत अशी होती की तो जिब्राल्टरसारखा अभेद्य आहे आणि समुद्रावरून त्याच्या जवळ जाता येत नाही. १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी डोके आपटून पाहिले होते. इंग्रजांनी हा धाक मोजायचा ठरवला. १७५५ च्या डिसेंबरात जेम्सला दोन-तीन जहाजे देऊन पाठवले. तो किल्ल्याच्या जवळ जाऊन पाणी आणि तट बघून परतला आणि त्याने सांगितले की, मोठी जहाजे किल्ल्याच्या तटाला तोफेच्या टप्प्यात नेता येतात, भीती वाटते तेवढी जागा अवघड नाही. त्या एका फेरीने मोहिमेचा सारा हिशेब बदलला.

निघण्याआधी इंग्रज अधिकाऱ्यांनी आणखी एक काम केले. लूट कशी वाटायची हे आपसात ठरवले, आणि त्या वाटणीत पेशव्यांचा हिस्सा धरला नाही. करारावरची शाई सुकून जेमतेम वर्ष होत आले होते. ७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघाले. १२ तारखेला मारा सुरू झाला, तुळाजीच्या एका जहाजाने पेट घेतला आणि ती आग पसरत जाऊन बंदरातले त्याचे सारे आरमार जळाले. रात्री क्लाइव्हने जमिनीवर उतरून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये आपले सैन्य उभे केले. तुळाजी तोवर पेशव्यांच्या छावणीत तहाची बोलणी करत होता. १३ तारखेला विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो पेशव्यांना परत मिळाला आणि बाणकोट कायमचे इंग्रजांचे झाले. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले.

पेशव्यांचा दोष आंग्र्यांशी भांडणे हा नाही असे मला वाटते. राज्य चालवणाऱ्याला आपल्या सरदाराला वळणावर आणावे लागते. दोष असा की, इंग्रज किल्ल्याजवळचे पाणी मोजत होते तेव्हा पुण्यात कुणी इंग्रजांना मोजत नव्हते. वॉटसनची जहाजे कशासाठी आली, फ्रेंचांविरुद्धची मोहीम का बारगळली, रिकामे झालेले सैन्य आता कुठे वळणार, ही खबर मुंबईत उघडी पडली होती. राजगडावरून कल्याणच्या गलबतांचा बनाव रचणाऱ्या राज्याला ती शंभर वर्षांनी लागली नाही. लागली असलीच तर तिचा काही उपयोग झाला नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. थॉमस मॉस्टिन १७७२ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात येऊन राहिला. साष्टी आणि वसई ईस्ट इंडिया कंपनीला हवी होती आणि त्याच्या पत्रांवरून मुंबईला पुण्याची नाडी कळत होती. नारायणरावांचा खून झाला तेव्हा तो शहरातच होता. १७७४ च्या अखेरीस पोर्तुगीज वसई-साष्टीसाठी आरमार आणत आहेत अशी बातमी आली. मुंबईने त्यांच्याआधीच ठाण्यावर हल्ला केला आणि वर्ष संपता संपता तिथला किल्ला घेतला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची ती सुरुवात. १८१७ मध्ये एल्फिन्स्टन पुण्याच्या रेसिडेन्सीत बसून दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारातल्या हालचाली रोजच्या रोज जाणून होता आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली तेव्हा त्याच्यासाठी ती अनपेक्षित नव्हती. शेवटी सह्याद्रीतले किल्ले पडले त्यात तोफांइतकाच या चाळीस-पन्नास वर्षांच्या पत्रांचा वाटा होता.

संचालक महोदय, आता मागणे नेमके सांगतो. ही सामग्री शोधायला कुठे लांब जावे लागणार नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या पत्रांचा संग्रह पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्येच छापला आहे. पोर्तुगीज कागदांचे मोठे काम पांडुरंग पिसुर्लेकरांनी केले आहे. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले आहेत. त्यांतली सात-आठ पत्रे निवडून त्यांचे सोपे मराठी रूप राजगडाच्या माहिती केंद्रात लावावे. त्यांच्या शेजारी सह्याद्रीचा एकच मोठा नकाशा असावा, आणि त्यावर राजगडाहून वरंध घाटाने महाडला, तिथून सावित्रीने बाणकोटला, आणि किनाऱ्याने खांदेरीपर्यंत जाणारी वाट रंगवलेली असावी. ती वाट एकदा डोळ्यांपुढे आली की बारा किल्ले एका यादीत का हे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. खांदेरीवरच्या फलकावरही राजगडाचे नाव यावे. मायनाक भंडारी उतरला तेव्हा गादी रायगडावर गेली होती हे मी जाणतो, पण दर्यावर पाय रोवायचे धोरण ज्या काळात ठरले तो काळ राजगडाचा होता.

भारतीय नौदलाने २०२२ साली आपल्या ध्वजावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन लावला. त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. नौदलाचे अधिकारी सिंधुदुर्गावर जातात तसे त्यांनी कधी राजगडावरही यावे, पण आले तर त्यांना दाखवायला आपल्याजवळ काही तरी हवे. केवळ वीरश्रीचे वाक्य नको. शत्रूने आपल्याला कसे बघितले, कुठे बरोबर बघितले आणि कुठे चुकला, हे हवे. अपयशाची पाने वगळू नयेत असाही माझा आग्रह आहे. बाणकोट आणि विजयदुर्गाची गोष्ट अडचणीची आहे म्हणून ती गाळली तर खांदेरीची गोष्ट नुसती आरती होऊन बसेल.

कारीचे फर्मान आणि जेध्यांची निष्ठा हा आमच्या तालुक्याचा वाटा आहे. तो कारी गावातच, गावकऱ्यांशी बोलून, एखाद्या छोट्या फलकावर लावावा. त्यासाठी मोठा खर्च नाही. भोर-वेल्ह्यातल्या ज्या घरांत जुने मोडी कागद अजून राहिले असतील त्यांनी ते पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवावेत, अशी विनंती मी या पत्रातूनच माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना करतो. मूळ कागद घरात ठेवले तरी चालतील, निदान त्यांची छायाचित्रे तरी होऊ द्यावीत.

आणि राजगडाच्या पहिल्या फलकाचा मजकूर लिहायला कुणी बसेल तेव्हा त्याने तोरण्याच्या धनाऐवजी गोव्याहून लिस्बनला गेलेल्या ऑगस्ट १६५९ च्या त्या पत्रापासून सुरुवात करावी, एवढी शिफारस आपण करावी.

आपला नम्र,
भोर तालुक्यातील एक रहिवासी